मण्याएवढं शिसं

केळापूर नावाचा तालुका आहे, पण त्याची कचेरी केळापुरात नाही. ती शेजारच्या पांढरकवड्यात आहे. तालुक्याला नाव जुन्या गावाचं मिळालं आणि कारभार दुसऱ्या गावाने नेला. केळापुरात जगदंबेचं देऊळ आहे, नवरात्रात तिथे गर्दी लोटते. पांढरकवड्यातून नागपूर-हैदराबाद हायवे जातो, आणि हायवे आहे म्हणून टायरवाले, बॅटरीवाले, भंगारवाले आहेत. जवळून खुनी नदी वाहते. नावावर जाऊ नका, साधीच नदी आहे, उन्हाळ्यात पार सुकते. पुढे ती पैनगंगेला मिळते आणि पैनगंगेपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा सुरू होतो.

पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात मी ते जाळं पाहिलं. फेकायचं जाळं, कडुनिंबाच्या फांदीला मधोमध टांगलेलं, खाली घेर सुटलेला. घेराच्या काठाला बोटाच्या पेराएवढे लांबट मणी ओवलेले. काळपट करडे, हाताला गार लागणारे. मी एक मणी चिमटीत धरला आणि नखाने ओरखडा काढला. आतून चांदीसारखी रेघ चमकली.

"शिसं हाय जी," जाळंवाले काका म्हणाले. "जाळं माह्यं हाय, पण मणी माह्या बुढ्याच्या हातचे."

म्हणजे वडलांच्या हातचे. जाळं चार-पाच वर्षांत फाटतं. मग काठाची दोरी कापून मणी सोडवायचे आणि नव्या जाळ्याला ओवायचे. सूत बदलतं, मणी तेच राहतात. त्या घरात तीन पिढ्या तेच शिसं पाण्यात जाऊन बाहेर येत होतं. कमी पडलं तर थोडं नवं वितळवून भर घालायची.

तेव्हापासून शिशाबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. हा त्या मण्याचा मागोवा आहे. तो वाटेत बराच भरकटतो, कारण शिसंच भरकटत आलेलं आहे.

आधी एक साधा प्रश्न. जाळ्याला शिसंच का?

जड असतं म्हणून, असं कोणीही सांगेल. खरं आहे, पण पुरतं खरं नाही. एक घन सेंटिमीटर शिशाचं वजन 11.34 ग्रॅम भरतं आणि लोखंडाचं 7.87. आता दोन्ही पाण्यात टाका. पाणी प्रत्येक वस्तूला तिच्या आकारमानाएवढ्या पाण्याच्या वजनाने वर ढकलतं. हिशेब केला तर 100 ग्रॅम शिसं पाण्यात 91 ग्रॅमचं उरतं आणि 100 ग्रॅम लोखंड 87 ग्रॅमचं. चारच ग्रॅमचा फरक. तेवढ्यासाठी कोणी महाग धातू घेणार नाही. भाजलेल्या मातीचं मात्र तसं नाही. 100 ग्रॅमचा मातीचा मणी पाण्यात जेमतेम 50 ग्रॅमचा राहतो. शिशाच्या एका मण्याचं काम मातीकडून करून घ्यायचं तर दहापट मोठा मणी लागेल.

मग लोखंड का नाही? कारण लोखंड वितळायला 1538 अंश लागतात, त्याला भट्टी हवी, भाता हवा, लोहार हवा. शिसं 327 अंशांना वितळतं. घरच्या चुलीवर, जुन्या कढईत. गार झालं की सुरीने कापता येतं, पकडीने दाबता येतं, दोरीभोवती वळवता येतं. लोखंडासारखं तांबेरत नाही, त्यामुळे सूत काचत नाही. दुसऱ्या कोणावर अवलंबून न राहता घरच्या घरी घडवता येणारा जड धातू म्हणजे शिसं. जाळं घरी विणणाऱ्या माणसाला मणीही घरीच करता येणं, ही शिशाची खरी किंमत. आणि ते घरीच होतं, हाच त्याचा धोकाही. त्याकडे नंतर येऊ.

माणसाने जाळ्याला वजन बांधायला सुरुवात केली ती दगडाने आणि मातीने. सिंधू संस्कृतीच्या वसाहतींत भाजलेल्या मातीची जाळ्याची वजनं सापडली आहेत आणि तांब्याचे गळही. गळ धातूचा आणि वजन मातीचं, अशी ती विभागणी होती. गळाला टोक लागतं, ते मातीला येत नाही. वजनाला नुसता भार लागतो, त्यासाठी धातू खर्च कशाला करायचा? धातू तेव्हा जिवापाड जपायची गोष्ट होती.

शिसं आपल्याकडे अनोळखी होतं असं नाही. अथर्ववेदात एक सूक्त आहे ज्यात शिशाने राक्षसांना आणि शत्रूला मारायची भाषा आहे. वैद्यकात त्याला नाग म्हणतात आणि कथलाला वंग. नाग शुद्ध केल्याशिवाय पोटात घेऊ नये हे रसशास्त्राचे ग्रंथ बजावून सांगतात, म्हणजे तो बाधतो हे माहीत होतं. राजस्थानात जावरच्या खाणी दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत, तिथून शिसं आणि जस्त निघायचं.

आणि हो, कानात शिसं ओतण्याची गोष्ट. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिशाचा रस ओतावा असं शास्त्रात लिहिलंय, हे तुम्ही ऐकलं असेल, भाषणात किंवा रीलमध्ये. गौतम धर्मसूत्रात ते वचन आहे. तिथले शब्द मात्र त्रपु आणि जतु असे आहेत, म्हणजे कथील आणि लाख. लोकांच्या बोलण्यात त्याचं शिसं झालं. धातू बदलल्याने वचनाची क्रूरता कमी होत नाही, कथीलही वितळलेलंच ओतायचं होतं. पण बघा, शिक्षेसाठी वितळलेला धातू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आपोआप शिसंच येतं. सोनं, चांदी, तांबं, लोखंड यांच्यात सगळ्यात खालच्या पायरीचं. ढिवर, भोई, केवट यांच्या हाती जो धातू सहज आला तो हाच.

तरी एक काळ असा होता की याच धातूची नाणी चालायची. सातवाहनांनी चांदीची नाणी पाडली, पण थोडीच. त्यांचा रोजचा व्यवहार तांब्याच्या, पोटिनच्या आणि शिशाच्या नाण्यांवर चाले. पोटिन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांची मिसळ. वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला 1939 साली सातवाहनांच्या पोटिन नाण्यांचा मोठा साठा सापडला, सुमारे 1,600 नाण्यांचा. वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला, आणि पुराणांच्या यादीत जुळत नव्हती अशी काही राजांची नावं त्या नाण्यांवरून कळली. कोल्हापूरकडे कुर घराण्याच्या राजांची तर शिशाचीच नाणी आहेत. विळिवायकुर हे त्यातलं एक नाव, उच्चारून बघा.

एवढं शिसं यायचं कुठून? काही देशातलं असणार, काही समुद्रापलीकडचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळी असा माल. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की भारताकडे शिसं नाही आणि ते घेण्यासाठी भारतीय रत्नं आणि मोती देतात. प्लिनीचं पूर्ण बरोबर नव्हतं, जावर त्याला ठाऊक नव्हतं. पण मोती देऊन शिसं घेणारा देश ही कल्पना मला फार आवडते. आज भंगारवाल्याकडे उलटं करून बघा.

त्या नाण्यांतलं एखादं वितळून कोणा मासेमाराच्या जाळ्याला लागलं असेल का? पुरावा देता येणार नाही. शिसं आपली आठवण ठेवत नाही. तापवलं की आधीचा आकार गेला.

पुढची दीड हजार वर्षं झरझर ओलांडतो, कारण शिशाच्या नशिबात खरा बदल बंदुकीने केला. तोड्याची बंदूक आली आणि शिशाला पहिल्यांदा असं काम मिळालं ज्यात त्याची बरोबरी कोणी करू शकत नव्हतं. कारणं तीच, जाळ्याचीच. जड, मऊ, चुलीवर वितळणारं. बंदुका हाती घडवलेल्या, प्रत्येकीच्या नळीचा माप वेगळा, त्यामुळे बंदुकीबरोबर तिचा गोळीचा साचा असायचा. शिपाई तळावर चूल पेटवून आपल्या गोळ्या आपण ओतायचा. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपीय कंपन्यांच्या वखारी बनातीबरोबर शिसंही विकायच्या, आणि मराठ्यांसह इथल्या सगळ्या सत्ता ते विकत घ्यायच्या. ज्या पळीने शिसं ओतायचं, जी चिमणीएवढी चोच लावून साच्यात धार सोडायची, ती हत्यारं गोळीची आणि मण्याची एकच. साचा तेवढा वेगळा. गोळी भरीव, मण्याला मधून भोक.

आता पुन्हा केळापूर तालुक्यात या. एप्रिल 1818. दुसरा बाजीराव महिनोन्महिने पळत होता. पुणे गेलं होतं, कोरेगाव झालं होतं, अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले होते. नागपूरकर भोसल्यांकडून मदत मिळेल या आशेने पेशव्याची फौज चांद्याच्या दिशेने, वर्धा नदीकडे सरकत होती. तिथे वाट अडली. मागून एक इंग्रज फौज, पुढून दुसरी. पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सने पेशव्याला गाठलं. ॲडम्सच्या हाताशी घोडदळ आणि घोड्यांच्या तोफा होत्या. लढाई म्हणावी अशी ती फार वेळ चाललीच नाही. पेशव्याच्या तोफा, हत्ती, उंट इंग्रजांच्या हाती लागले, पेशवा स्वतः निसटला. पुढच्याच महिन्यात ॲडम्सने चांद्याचा किल्ला घेतला आणि जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. पेशवाईचा शेवट म्हटलं की आपण शनिवारवाड्यावरचं निशाण आठवतो. पण पेशव्याच्या फौजेचं कंबरडं शेवटचं मोडलं ते इथे, कापसाच्या काळ्या रानात.

त्या काळची इंग्रज पायदळाच्या बंदुकीची गोळी सुमारे 30 ग्रॅमची असायची. म्हणजे जाळ्याच्या एका चांगल्या भरघोस मण्याएवढी. लढाईनंतर रानात पडलेलं शिसं कोणी गोळा करतं की नाही? जगात जिथे जिथे लढाई झाली तिथे गरिबांनी ते वेचलेलं आहे, फुकटचा धातू कोण सोडतो. शिवणीच्या रानात काय झालं हे लिहून ठेवणारं कोणी नव्हतं. नांगराने वर आलेली गोळी घरी आणून जाळ्याला ओवायला मात्र कोणाची परवानगी लागली नसती.

परवानगीचा विषय निघाला तो बरं झालं. कारण या सगळ्या शोधात मला जे सगळ्यात नवल वाटलं ते एका कायद्यात होतं.

1878 साली व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही, हे शाळेत शिकलेलं असतं. पण त्या कायद्याच्या व्याख्या वाचल्या तर 'लष्करी साहित्य' या शब्दाखाली लिहिलं आहे की सरकार अधिसूचना काढून शिसं, गंधक आणि सोरा यांनाही हा कायदा लावू शकतं. गंधक आणि सोरा समजू शकतो, त्यांची दारू होते. पण शिसं? नुसतं शिसं, कुठल्याही आकारातलं? इंग्रज बरोबर ओळखून होते. ज्याच्या घरी शिसं आहे आणि चूल आहे त्याच्या घरी गोळ्या आहेत. 1857 ला वीसच वर्षं झाली होती.

त्याच वर्षी, त्याच व्हाइसरॉयने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरही कायदा आणला. मजकूर राजद्रोही वाटला तर जामीन मागायचा, छापखाना जप्त करायचा. आता छापखान्यातले खिळे कशाचे? शिशाचे, त्यात थोडं अँटिमनी आणि कथील. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरमध्ये जे देवनागरी खिळे ओतले जात, ज्यांनी मराठी-संस्कृत छपाईला देखणं रूप दिलं, ते याच धातूचे. म्हणजे एकाच वर्षात एकाच सरकारने शिशाच्या दोन आकारांवर पहारा बसवला, गोळी आणि अक्षर. छपाईचा कायदा रिपनने 1882 मध्ये मागे घेतला. हत्यारांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिला.

(जाता जाता, शिसपेन्सिलीत शिसं नसतं. ते ग्राफाइट, म्हणजे कोळशाचा भाऊबंद. इंग्लंडमध्ये ते सापडलं तेव्हा लोकांना ते काळं शिसं वाटलं, आणि ती चूक आपण नावासकट उचलली. म्हणून पेन्सिल चघळणाऱ्या पोराला ओरडायचंच असेल तर दुसऱ्या कारणाने ओरडा.)

केळापूर तेव्हा कुठल्या राज्यात होतं हाही गमतीचा भाग. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, पण 1853 पासून कारभार इंग्रजांकडे. जिल्ह्याचं नाव यवतमाळ नव्हतं, वणी होतं. ते 1905 मध्ये बदललं. मासे मारणाऱ्यांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 1897 चा मत्स्य कायदा. पाण्यात सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला त्याने बंदी घातली. विष म्हणजे पाण्यात टाकलेलं विष. जाळ्याच्या काठाला बांधलेलं विष कोणाच्या मनातही आलं नसणार.

पण जाळ्याला तेव्हा खरंच शिसं किती होतं? जुनं जाळं सुताचं, सणाचं. ते पाणी पितं, ओलं झालं की आपोआप जड होतं. त्याला मातीचे मणी चालून जायचे, शिसं परवडेल तेवढंच. बदल आला तो नायलॉनने. साधारण 1950-60 च्या दशकांत नायलॉनचं सूत भारतातल्या मासेमारीत आलं. कोचीला 1957 मध्ये केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आणि नव्या धाग्यांच्या जाळ्यांचा अभ्यास तिथे झाला. नायलॉन कुजत नाही, दर आठवड्याला सालीच्या काढ्यात बुडवून ठेवायची कटकट नाही. मासेमारांनी ते हातोहात उचललं यात नवल नाही. कापसाच्या जिल्ह्यातल्या जाळ्यातून कापूस गेला, हे मात्र जरा लागतं.

नायलॉनची खोड एकच. त्याची घनता 1.14, म्हणजे पाण्यापेक्षा जरासाच जड. पाण्यात त्याला जवळजवळ वजनच नाही. जाळं खाली न्यायचं सगळं काम काठावर आलं. फेकलेला घेर पाण्यावर गोल उघडला पाहिजे आणि मासा सावध व्हायच्या आत तळाला टेकला पाहिजे. तळ्यातला कतला किंवा रोहू अर्ध्या सेकंदात निसटतो. हलक्या काठाचं जाळं म्हणजे रिकामं जाळं. घेर किती आहे त्यावर ठरतं, पण दोन-चार किलो शिसं एका जाळ्याला सहज खपतं.

आणि नेमकं त्याच काळात शिसं गावोगाव पोचलं. बंदुकीमुळे नाही, मोटारीमुळे. शिशाची बॅटरी 1859 मध्ये फ्रान्समध्ये गास्तों प्लांतेने शोधली. आज जगातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त शिसं बॅटऱ्यांत जातं. ट्रक, ट्रॅक्टर, ऑटो, इन्व्हर्टर, सगळीकडे तीच. शिवाय चाक डळमळू नये म्हणून रिमच्या कडेला ठोकतात ती छोटी वजनं, जुन्या टेलिफोन केबलचं वेष्टण. जो धातू एकेकाळी भडोचला जहाजातून उतरायचा आणि ज्यावर लिटनला पहारा बसवावासा वाटला, तो आता हायवेच्या कडेला टायरवाल्याच्या पत्र्याच्या डब्यात साठतो.

काकांचं शिसं तिथलंच. "बॅटरीचं घेत नाई मी. त्यात तेजाब ऱ्हायते, उडते. टायरवाल्याचं बरं." अनुभवाने आलेलं शहाणपण आहे हे, आणि बरोबर आहे. बॅटरीच्या पट्ट्यांमध्ये आम्ल असतं, शिशाची भुकटी असते, आणि अँटिमनी, कधी आर्सेनिकही. ती घरी फोडणं म्हणजे सगळ्यात वाईट प्रकार.

ओतण्याची रीत अशी. जुनी लोखंडी कढई किंवा पळी, तीन दगडांची चूल. शिसं आधी मऊ पडतं, मग एकदम ओघळतं, वर करडी साय धरते. ती मळी काठीने बाजूला करायची. साचा दोन तुकड्यांचा, मातीचा किंवा लाकडाचा, मधे सायकलची तार उभी, भोकासाठी. धार सोडायची, क्षणात गोठतं, तार ओढून काढायची. साचा वापरायचा नसेल तर शिसं ओल्या नसलेल्या मातीच्या सरीत ओतून पट्टी करायची आणि तिचे तुकडे दोरीभोवती हातोडीने वळवायचे. 'ओल्या नसलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. साच्यात पाण्याचा थेंब असला तर त्याची एका झटक्यात वाफ होते आणि वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. काकांच्या मनगटावर पांढरे डाग होते, ते याचेच.

नवी पोरंही हे करतात, वेगळ्या कारणाने. तळ्यावर रॉड घेऊन बसणाऱ्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेले असतात. गळाच्या दांडीवर शिशाचं डोकं ओतायचं, त्याला रंग, डोळा, वर पिसं किंवा रबरी शेपूट. त्याला जिग म्हणतात. पाण्यात उसळ्या देत ओढलं की मरळ त्यावर झडप घालते. दुकानात तो महाग, घरी ओतला तर फुकट. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, शिसं टायरवाल्याचं, भांडं आईने टाकून दिलेलं. बारीक वजन दोऱ्यावर बसवायला छर्रा अर्धा चिरून दातांनी दाबतात. दातांनी.

भाजण्याची भीती प्रत्येकाला असते, कारण भाजलेलं दिसतं. दुसरी इजा दिसत नाही. वितळलेल्या शिशातून सूक्ष्म वाफ आणि भुकटी उठते, जितकं जास्त तापवाल तितकी जास्त. तिला वास असा नाहीच. ती मळीत असते, कढईच्या काठाला असते, सदऱ्याच्या बाहीवर, ओट्यावर, चुलीच्या राखेत असते. ती राख मग भांडी घासायला जाते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापेक्षा लहान मुलाच्या पोटात गेलेलं कितीतरी जास्त प्रमाणात शरीरात मुरतं. रक्तातलं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण ते जातं कुठे तर हाडांत, आणि तिथे दशकं राहतं. कारण शरीर त्याला कॅल्शियम समजतं. बाई गरोदर राहिली की हाडांतलं कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर तिच्या लहानपणीचं शिसंही सुटतं आणि बाळापर्यंत जातं.

लक्षणं काय? पोट दुखतं, रक्त कमी होतं, चिडचिड होते, लिहिण्या-वाचण्यात लक्ष लागत नाही. यातलं एक तरी कुठल्या गावातल्या कुठल्या पोरात नसतं? म्हणून कोणी शिशाकडे बोट दाखवत नाही. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही आणि तपासायचं कोणाला सुचत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी 2020 मध्ये अहवाल काढला. जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात प्रमाणाबाहेर शिसं आहे, एकूण 80 कोटींपर्यंत मुलं, त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली, असा त्यांचा अंदाज. यात जाळ्याच्या मण्यांचा वाटा फार थोडा असणार, मोठा वाटा उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांचा, मसाल्यांतल्या भेसळीचा, भांड्यांचा, रंगांचा. पण ज्या घरात शिसं वितळतं त्या घरातल्या पोराला देशाच्या सरासरीशी काय करायचंय?

इंग्लंडमध्ये 1970 आणि 80 च्या दशकांत थेम्सवरचे हंस मरायला लागले. मान टाकायची, उपाशी मरायचे. पक्षी दाणे दळायला खडे गिळतात, ते पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत राहतात. गळवाल्यांनी तळाशी टाकलेले शिशाचे मणी हंसांनी खडे समजून गिळले होते. 1987 च्या पहिल्या दिवसापासून तिथे 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या बहुतेक गळवजनांच्या विक्रीवर बंदी आली. पुढे हंस वाढले. डेन्मार्कने शिसं हटवलं, कॅनडाने आपल्या राष्ट्रीय उद्यानांत बंदी केली. या सगळ्या बंद्या पक्ष्यांसाठी. पक्ष्यांबद्दल माझी तक्रार नाही, टिपेश्वर अभयारण्य केळापूर तालुक्यातच आहे आणि तिथल्या पाण्यावरही पक्षी उतरतात. पण पाण्यात पडलेल्या मण्याची काळजी कायद्याने घेतली आणि चुलीवरच्या मण्याची नाही, हे जरा खटकतं.

आपल्याकडे नियम झाले नाहीत असं नाही. 2000 मध्ये शिशाचं पेट्रोल गेलं. 2001 मध्ये बॅटऱ्यांचे नियम आले, 2022 मध्ये ते नव्याने केले. घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून आहे. तिन्ही नियम कारखान्यांचे आणि दुकानांचे. मणी कारखान्यात होत नाही. 1878 च्या कायद्याला घरातलं शिसं दिसलं होतं, कारण सरकारला स्वतःच्या जिवाची भीती होती.

मी काकांना हे सगळं सांगितलं का? थोडं सांगितलं. पोटदुखीचं सांगितलं, राखेचं सांगितलं. ते ऐकत होते. "मंग काय लावू जाळ्याले?" त्यांनी विचारलं. बरोबरच आहे. टंगस्टन शिशाहून जड आणि विषारी नाही, पण त्याची किंमत काकांच्या जाळ्याहून जास्त. बिस्मथचं तेच. लोखंडाचे नट आणि जुने स्पार्क प्लग गळवाली पोरं वापरतात आणि ते खरंच चांगलं चालतं, हिशेब आपण केलाच आहे, शंभराला चार ग्रॅमचा फरक. पण फेकजाळ्याच्या काठाला कोनाकोनाचे नट लावले तर फेकताना ते एकमेकांत आणि जाळ्याच्या डोळ्यांत अडकतात. गुळगुळीत, लांबट, गंज न लागणारा लोखंडी मणी स्वस्तात करून दिला तर चालेल, असं ते म्हणाले. असा मणी मी पांढरकवड्याच्या बाजारात शोधला. मिळाला नाही.

मग त्यांनी स्वतःच काही गोष्टी ठरवल्यासारख्या सांगितल्या. ओतायचं ते घरात नाही, नदीवर, वाऱ्याकडे पाठ करून. कढई पुन्हा घरात आणायची नाही. नातीला जवळ येऊ द्यायचं नाही. त्यातलं किती होईल ते मला माहीत नाही. पाऊस तोंडावर आला होता, जाळ्याला अजून पाव किलोची भर घालायची होती.

निघताना मी विचारलं, उरलेलं शिसं ठेवता कुठे? त्यांनी आत हाक मारली. सून एक डबा घेऊन आली, बेबीफूडचा, झाकण घट्ट बसलेला. नात मागोमाग आली आणि म्हणाली, हा वाजतो. तिने तो हलवून दाखवला.